निशिगंधाची जुनी माती

२ मार्च, रविवार

मेहुणा सकाळी येऊन मागच्या अंगणातल्या कुंड्या बघून गेला. त्याची रोपवाटिका आहे, त्यामुळे आमच्या अंगणात आला की तो तपासणीला आलेल्या डॉक्टरसारखा चालतो. एक कुंडी उचलली, तळाच्या भोकाकडे पाहिलं, मातीत बोट खुपसून नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"भाऊजी, गेले हे. सगळे कंद कुजलेत. फेकून द्या."

"कंद गेले असतील. माती कुठे गेली?"

"मातीही गेली. दमलीय ती. काही राहिलं नाही तिच्यात."

"दमलेलं माणूस फेकून देतात का रे?"

"माणसाचं मला माहीत नाही. माझ्याकडे नवी माती पोत्यांनी पडलीय, ताईच्या नावानं टाकून जातो थोडी. तुम्ही उगाच त्या चिखलात हात घालू नका."

तो गेल्यावर एका पालथ्या कुंडीवर बसून राहिलो.

मी बुकबाइंडर आहे. आमच्या कामात कातरण फेकत नाहीत. पुस्तकांच्या कडा कापल्या की जो कागद पडतो, त्याचाच पुढे पुठ्ठा होतो आणि तोच दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकाच्या पाठीशी उभा राहतो. ही वहीसुद्धा उरलेल्या कागदांची आहे. एक पान पिवळट, एक रेघांचं, एक इतकं पातळ की मागचं अक्षर पुढे दिसतं. त्यामुळे फेकून द्या म्हटलं की माझा हात आपोआप मागे येतो.

आणि हे निशिगंध तिचे आहेत, माझ्या बायकोचे. ती साबण करते. करायची. अंगणाच्या कडेला तिची साबणाची खोली आहे, तिच्या खिडकीखाली या कुंड्या असायच्या. कुठल्या वडीत कोणतं सुगंधी तेल किती, हे ती कधी मापानं ठरवत नसे. डोळे मिटून बाटली नाकाशी धरायची, मग खिडकीतून निशिगंधाकडे तोंड करून एक श्वास घ्यायची, जसं आपण लिहिता लिहिता कोरा कागद बघतो, आणि मग परत बाटली. मागच्या वर्षी तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिच्या नाकातले सगळे वास घेऊन गेला.

खोली तेव्हापासून बंद आहे. कुंड्यांकडेही ती फिरकली नाही. त्या पागोळ्यांखाली भिजत राहिल्या.

३ मार्च

कालचं अर्धं राहिलं, ते लिहून ठेवतो.

पहिले काही महिने मी तिच्या नाकाशी काय काय धरलं. कॉफी, कापूर, लिंबाची साल, विझलेली काडी, तिचेच जुने साबण. प्रत्येक वेळी ती त्या वस्तूकडे बघायचीच नाही, माझ्या तोंडाकडे बघायची. एक दिवस तिनं अर्धं लिंबू माझ्या हातातून काढून टेबलावर ठेवलं.

"लिंबू कळत नाही याचं मला एवढं वाटत नाही हो. तुमचा चेहरा पडतो ना, ते बघवत नाही. आजपासून या घरात हा विषय बंद. शब्द द्या."

मी शब्द दिला. तेव्हापासून तो विषय मी ओठांवर आणत नाही आणि मनातही फिरकू देत नाही. तिला विचारायचं नाही असं ठरल्यावर देवाकडेही मागायचं बंद केलं. एकाच गोष्टीसाठी दोन्हीकडे तगादा बरा दिसत नाही. सकाळी हात जोडतो आणि म्हणतो, मी काही मागत नाहीये, नुसता बसलोय.

पूर्वी कामावरून आलो की ती दारातूनच म्हणायची, "आधी हातपाय धुवून या, सरस घेऊन आत येऊ नका." बाइंडिंगचा सरस फार उग्र असतो, कपड्यांत बसतो. वर्ष झालं, मी तसाच आत येतो. कोणी काही म्हणत नाही.

एप्रिलअखेर साबणाचे साचे आणि पातेली न्यायला एक बाई येणार आहेत. त्यांनी नुकतंच हे काम सुरू केलंय. मग त्या खोलीत मेहुणा त्याची खताची पोती ठेवणार. हे सगळं तिनंच ठरवलं. मला सांगताना तिचा आवाज अगदी साधा होता, दूध उतू गेल्याचं सांगावं तसा.

५ मार्च

ती बाजारात गेली असताना कुंड्या रिकाम्या केल्या. कंद हातात येईनात, बोटांत विरघळत होते, पाण्यात राहून गेलेल्या साबणासारखे. हे तिच्या नजरेला पडू नये असं वाटलं. माती, मुळं, कुजके कंद, सगळं एकत्र दोन मोठ्या डब्यांत भरलं. मातीत जीव यायचा तर ओल हवी, म्हणून वर भरपूर पाणी घातलं. झाकणं दाबून घट्ट बसवली आणि डबे साबणाच्या खोलीमागे सावलीत नेऊन ठेवले.

झाकण लावताना उगाच डोक्याला हात लावून नमस्कार केला. मातीला झोपवल्यासारखं वाटलं.

९ मार्च, रविवार

शेजारच्या मावशी भिंतीवरून डोकावल्या. "काय हो, तुमच्या मागे काही मेलंय का? माझ्या न्हाणीघरात उभं राहवत नाही."

मी जाऊन एक झाकण उघडलं आणि तसंच बंद केलं. डोळ्यांत पाणी आलं. नासलेली अंडी, तुंबलेलं गटार आणि त्यात कुठेतरी खोल, गोड, निशिगंधाचाच एक धागा. ते गोड होतं म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

"मी उद्या पहाटेच निघतेय लेकीकडे," मावशी म्हणाल्या. "बाळंतपण आहे, महिनाभर तरी येत नाही. तोवर निस्तरा."

"निस्तरतो."

"बायकोला नका सांगू हो मी काही बोलले म्हणून. आधीच बिचारी कमी बोलते हल्ली."

१३ मार्च

गावच्या शाळेचं स्वप्न पडलं. शाळेपुढचं अंगण साबणाचं होतं, पांढरं आणि थंड. आम्ही पोरं अनवाणी चालत होतो आणि पावलागणिक थोडा फेस यायचा. गुरुजी दारात उभे होते. ओरडत नव्हते, नुसतं म्हणत होते, "हळू चाला रे, झिजेल ते." मी इतका हळू चालायला लागलो की जाग आली तेव्हाही अर्ध्या वाटेतच होतो.

दिवसभर कामावर हातही तसेच हळू चालले. फोरमन म्हणाला, "काय, आज पुस्तक शिवताय की त्याला थोपटताय?"

१६ मार्च, रविवार

आज वाईट झालं.

सकाळी चहा पिता पिता तिनं कप खाली ठेवला. मान थोडी वर केली आणि मागच्या दाराकडे बघत राहिली.

"मागे काय कुजतंय?"

मला शरम वाटली. मावशींनी मला नका सांगू म्हटलं आणि जाता जाता स्वतःच हिच्या कानावर घातलेलं दिसतंय. "कुठे काय," म्हणालो, "जुनी माती आहे कुंड्यांतली. बघतो मी."

ती उठून मागच्या दारात गेली. चौकटीला हात धरून बराच वेळ उभी राहिली, पाठमोरी. खांदे हळूहळू वर जात होते आणि खाली येत होते. मला वाटलं, राग गिळतेय. वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. शेजारीपाजारी काय म्हणत असतील याचं तिला एवढं लागेल असं वाटलं नव्हतं.

"आजच काढून टाकतो," मी म्हणालो.

"नको," ती पटकन म्हणाली. मग सावरून म्हणाली, "म्हणजे, घाई नको. सवडीनं करा."

किती समजूतदार आहे. मला अजूनच वाईट वाटलं.

१८ मार्च

कामावरून परस्पर रोपवाटिकेत गेलो आणि मेहुण्याला सगळं सांगितलं. तो इतका हसला की हातातलं रोप खाली ठेवावं लागलं त्याला.

"भाऊजी, मातीचं लोणचं घातलंत की हो! ओली माती, त्यात कुजके कंद आणि वर घट्ट झाकण? तिला श्वास नको का घ्यायला?"

"मला वाटलं ओल लागते."

"ओल लागते, हवाही लागते. आता ऐका. सगळं बाहेर ओता. कंदाचा एकेक तुकडा, एकेक सालपट वेचून टाका. माती चाळा. उन्हात पातळ पसरा, किंचित भिजवा, वरून पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवा, कडांना विटा. कडक उन्हात महिनाभर तापू दे. तिच्यातला रोग मरतो. मग पानांचं खत आणि थोडी राख. पण परत कंद लावायचे नाहीत त्यात, निदान यंदा. पालक लावा, काहीही लावा."

"म्हणजे दमलेली नव्हती ती."

"दमलेलीच होती. तुम्ही वर कोंडलीत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई कशी आहे?"

"आहे."

"खोलीची घाई नाही म्हणावं मला. पोती कुठेही ठेवीन."

२३ मार्च, रविवार

आजचा दिवस सरूच नये असा होता.

दोन्ही डबे ओतले. आधी इतका भपकारा आला की मी तोंडाला फडकं बांधलं. मग वेचायला बसलो. कंदाची सालपटं कागदासारखी निघत होती, आतून तपकिरी, बाहेरून करडी. काळी मुळं केसांसारखी एकमेकांत गुंतलेली होती. चाळणी हलवायला लागलो की माती खाली पडायची तो आवाज फार हलका होता, कोणीतरी शेजारच्या खोलीत पानं उलटतंय असा. थोड्या वेळानं मी चाळतोय की चाळणी मला हलवतेय ते कळेना. ऊन पाठीवर आलं, मानेवर आलं. मधेच गुणगुणत होतो असं मागून लक्षात आलं.

वर बघतो तर ती पायरीवर येऊन बसली होती. वर्षभरात या अंगणात ती बसली नव्हती. फडकं नाही, पदरही नाकाला लावलेला नाही. डोळे अर्धे मिटलेले.

"आत जा," मी म्हणालो, "इथे बसण्यासारखं नाहीये."

"बसते थोडी."

एका डब्याचा माल चाळून झाला. दुसऱ्याला हात घालणार तर म्हणाली, "तो राहू दे."

"का?"

"राहू दे. परत भरून ठेवा डब्यात. झाकणासकट."

"अगं, त्यात जीव नाही राहायचा. आणि तुला कल्पना नाही, त्याची किती..." पुढचा शब्द माझ्या दातांशी अडला. शब्द दिलेला होता.

"आहे मला कल्पना," ती म्हणाली.

तिचीच झाडं, तिला कल्पना असणारच. मी वाद घातला नाही. पण मनातून खट्टू झालो. इतकं राबून अर्धं काम, आणि उरलेलं अर्धं मुद्दाम बिघडलेलं ठेवायचं. डबा परत भरून खोलीमागे नेऊन ठेवला.

३० मार्च, रविवार

साबणाच्या खोलीच्या खिडकीखाली उन्हात माती पसरून वर प्लास्टिक ताणून बसवलंय. सकाळी आतून थेंब जमतात, एकमेकांना जाऊन मिळतात आणि रेघ काढत खाली येतात. दुपारी सगळं धुरकट होतं. एखादं जनावर निवांत झोपावं आणि त्याचा श्वास काचेवर यावा तसं. कामावर जाण्याआधी थोडा वेळ मी तिथे बसतो. प्रार्थना तिथेच होते हल्ली.

तीही रोज सकाळी मागे जाते. मी दाढी करताना न्हाणीघराच्या खिडकीतून दिसते. खोलीमागच्या डब्याचं झाकण उचलते, वाकते, क्षणभर तशीच राहते, मग झाकण लावून येते. एखाद्याच्या समाधीला रोज फूल वाहायला जावं तशी. निशिगंधाची आठवण तिला अजून सोडत नाही. मला मात्र तिचं ते वाकणं बघवत नाही. ज्या मातीत तिचं सगळं कुजलं, त्याच मातीपुढे रोज मान घालायची.

पण एक आहे. हल्ली ती आत येताना काहीतरी पुटपुटत येते. एकदा तर चक्क गुणगुणत होती.

४ एप्रिल

तिनं साबणाच्या खोलीचं कुलूप काढलं. मी विचारलं तर म्हणाली, "साचे द्यायचेत ना, धुवून ठेवते." संध्याकाळी बघितलं तर साचे होते तिथेच होते, धूळसुद्धा तशीच. खिडकी मात्र उघडी होती. मागच्या बाजूची, डब्याकडची.

११ एप्रिल

आज तिच्या नकळत एक चांगलं काम केलं.

ती बहिणीकडे गेली होती. तो राहिलेला डबा ओतला, कुजकं सगळं वेचून काढलं, माती चाळली, उन्हात परतून परतून वाळवली, मग पानांचं खत आणि राख कालवून परत डब्यात भरली. झाकण नुसतं वर ठेवलं, हवा लागेल असं. रोग मारायला ऊन पुरेसं मिळालं नाही, पण घाण पार गेली. उद्या सकाळी झाकण उचलेल तेव्हा तिला दिसेल की कुजलेलं संपलं. कोणीतरी ते तिच्यासाठी संपवायला हवं होतं.

१२ एप्रिल

काही कळत नाही.

सकाळी ती गेली, झाकण उचललं, वाकली. मग अजून वाकली. मग गुडघ्यांवर बसली. मातीत हात घालून ओंजळ तोंडाशी नेली आणि तशीच थांबली. मी खिडकीत वस्तरा हातात धरून उभा. मला वाटलं, बघून बरं वाटलं असणार.

आत आली ती सरळ जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. जेवली नाही. मी कपाळाला हात लावला, ताप नव्हता.

"मी साफ केली ती माती," मी म्हणालो. "तुला त्रास नको म्हणून."

मग म्हणाली, "तुम्ही केलीत होय. बरं केलंत." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "नाहीतरी जायचंच होतं."

संध्याकाळी तिनं त्या साचेवाल्या बाईंना फोन केला. एप्रिलअखेर कशाला, येत्या वीस तारखेलाच या म्हणाली.

१५ एप्रिल

ती आता मागे जात नाही. खोलीला परत कुलूप आहे. मी प्लास्टिकजवळ बसतो, पण आत काय चाललंय ते दिसत नाही. सगळं पांढरं आहे.

आज सकाळी हात जोडले आणि नुसता बसलो. नुसतं बसवेना.

१७ एप्रिल

मावशी लेकीकडून परत आल्या. भिंतीवरून हाक मारली. नातू झालाय, वजन चांगलं आहे, नाक आजोबांवर गेलंय, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "तुमच्याकडचा तो वास गेला वाटतं."

"हो, गेला. तुम्ही हिला सांगितलंत तेव्हापासून मागेच लागलो."

"मी? मी कुठे सांगितलं? त्या दिवशी तुमच्याशी बोलले आणि पहाटेच्या गाडीनं गेले. तिची माझी गाठसुद्धा पडली नाही."

मी हो हो म्हणालो. मावशी अजून काहीतरी बोलत होत्या.

मग तिला कोणी सांगितलं?

पालथ्या कुंडीवर येऊन बसलो. ती चहाचा कप खाली ठेवताना दिसली. दारात पाठमोरी, खांदे वर जाताना आणि खाली येताना. पायरीवर, पदर नाकाला न लावता. डब्यावर वाकलेली, रोज. आणि बारा तारखेची ती ओंजळ.

जगात एकच वास तिच्यापर्यंत पोचत होता, आणि तो मी चाळून, वाळवून, राख घालून संपवला.

१८ एप्रिल

सुट्टी घेतली. रोपवाटिकेत जाऊन मेहुण्याला विचारलं, "कुजके कंद आहेत का रे तुझ्याकडे?"

"काय?"

"कुजलेले. जितके कुजतील तितके बरे."

तो माझ्याकडे बघत राहिला. "भाऊजी, बसा जरा. पाणी आणू का?"

मी बसलो. त्याला सगळं सांगितलं नाही, शब्द फक्त माझा नव्हता. इतकंच म्हणालो की तुझ्या ताईला ती माती होती तशी हवी होती. तो बराच वेळ कुंडीच्या काठावरून बोट फिरवत राहिला.

"कुजके देऊ शकतो," तो म्हणाला. "पण ते कुजायला, डब्यात बसायला आठवडे लागतील. परवा बाई यायच्यात ना?" मग म्हणाला, "तुमच्या प्लास्टिकखालची माती बघितलीत का? झाली असेल आता. नीट तापलेल्या मातीवर पाणी शिंपडून बघा एकदा. काही वेळा घाणीपेक्षा तेच लांब जातं."

घरी आलो. तिला जाऊन विचारावं, माफी मागावी, असं दहादा वाटलं. पण विचारलं की मी परत तिच्या तोंडाकडे बघणार आणि ती माझ्या. लिंबू न आणताही लिंबू आणल्यासारखंच होणार.

देवाला मात्र आज मागितलं. तगादा तर तगादा.

२० एप्रिल, रविवार

सकाळी ती कुलूप काढून साचे धुवायला बसली. खऱ्यानं धूत होती या वेळी, एकावर एक आपटल्याचा आवाज येत होता. खिडकी उघडी होती.

मी तिच्या खिडकीखाली गेलो, विटा बाजूला केल्या आणि प्लास्टिक एका कडेनं उचललं. आतली हवा तोंडावर आली, भट्टीसारखी. माती भुरभुरीत, गडद, हातातून निसटणारी. पानांचं खत पसरलं, राख भुरभुरली, फावड्यानं वरखाली केलं. मग झारी घेतली. खिडकीकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. मान खाली घालून, हात लांब करून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पाणी घातलं. स्वप्नातल्या त्या अंगणात चाललो होतो तितक्या सावकाश.

मातीतून हलकी वाफ वर निघाली. काय आलं ते मी लिहू शकत नाही. तापलेलं, गार, जुनं, आत्ताच जन्मलेलं, सगळं एकदम.

साच्यांचा आवाज थांबला.

मी झारी भरायला गेलो, परत आलो, परत घातलं. अजून आवाज नाही. मग मागे पावलं. ती आली आणि माझ्या शेजारी उकिडवी बसली. हात साबणाच्या पाण्यानं ओले होते. ओंजळभर माती घेतली आणि तोंडाशी नेली. मी झारीच्या दांड्याकडे बघत होतो.

"राख जास्त झालीय," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"अगदी बारीक येतोय," ती म्हणाली. "लांबून. आधी राख, आणि तिच्या मागे अजून काहीतरी आहे. ते कळत नाही नीट."

"पानांचं खत."

"ते असेल." थोड्या वेळानं म्हणाली, "त्या दिवशी डबा उघडला आणि काहीच आलं नाही. वाटलं, होतं तेही गेलं. नुसती घाण होती हो ती, पण माझी होती."

"मला सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर तुम्ही परत लिंबू घेऊन उभे राहिला असता." आणि हसली. मग मीही हसलो, आणि झारी माझ्याच पायावर कलंडली.

दुपारी साचेवाल्या बाई रिक्षा घेऊन आल्या. हिनं त्यांना बसवलं, चहा दिला, साबण चिरताना तार कशी ताणायची ते खोलीत नेऊन दाखवलं. मग म्हणाली, "साचे ओले आहेत हो अजून. वाळले की कळवते."

बाईंनी वर आकाशाकडे पाहिलं. लख्ख ऊन होतं. पण बाई समजूतदार, दोन पातेली घेऊन गेल्या आणि साच्यांचं नाव काढलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

कुंड्यांत ती माती भरून पालक पेरला. मेहुणा येऊन बघून गेला, बोट खुपसलं, नाकाशी नेलं. या वेळी तोंड वाकडं केलं नाही, पण कबूलही काही केलं नाही. "बघू," म्हणाला. पोती ठेवायला त्यानं आपल्या शेडमध्ये जागा केलीय म्हणे.

सगळं परत आलं असं नाही. कधी येतं, कधी दिवस दिवस काही नाही. कापूर कळत नाही. परवा गुलाबाचं तेल उघडलं तर तिला जळक्या रबराचं वाटलं आणि बाटली तिनं माझ्या अंगावरच ढकलली. मी विचारत नाही. विषय बंदच आहे आमच्या घरात. तिला वाटेल तेव्हा ती बोलते.

६ मे

पालकाचे कोंब वर आलेत, दोन दोन पानांचे.

आज कामावर मोठं काम होतं, जाडजूड पुस्तकं, दिवसभर सरसाच्या भांड्याशी उभा. नेहमीसारखा घरी आलो, चप्पल काढली, एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

ती आतल्या खोलीत पाठमोरी बसून काहीतरी निवडत होती. वळलीसुद्धा नाही.

"आधी हातपाय धुवून या. सरस घेऊन आत येऊ नका."

मी पाय मागे घेतला. अंगणातल्या नळावर गेलो. हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, तोंड धुतलं, मग परत हात धुतले. नळ मोठा सोडला होता, त्या आवाजात देवाशी जे बोलायचं होतं ते बोलून घेतलं.

"पुरे आता," आतून ती म्हणाली. "सगळं पाणी संपवाल. त्या पालकाला ठेवा थोडं."